पडण्यासाठी केलेला सोल

व्हिसलर गावात हिवाळ्यात हिमासोबत पाऊसही भरपूर पडतो. गाव जेमतेम 675 मीटर उंचीवर. वर 2,181 मीटरच्या माथ्यावर भुरभुरीत हिम उतरत असतं, तेव्हा खाली आमच्या दुकानापुढच्या फरसबंदीवर पाणी वाहत असतं. रात्री ते गोठतं, पहाटे त्यावर बारीक खडी टाकली जाते आणि आठ वाजायच्या आत त्या खडीवरून प्लास्टिकच्या बुटांचा खडखडाट सुरू होतो. गावाच्या मधल्या भागात गाड्यांना मज्जाव, त्यामुळे पार्किंगपासून गोंडोलापर्यंतची वाट प्रत्येकाला पायीच तुडवावी लागते आणि बहुतेक जण ती स्कीचे बूट चढवूनच तुडवतात. मी काम करतो ते दुकान याच वाटेवर आहे. स्की भाड्याने देणं, बूट स्कीला पकडून ठेवणारं बाइंडिंग बसवणं, बूट पायाला बेतून देणं हा आमचा धंदा. गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न उतारांबद्दल नसतो, वेगाबद्दलही नसतो. बूट चढवून तो उभा राहतो, दोन पावलं टाकतो आणि विचारतो, "यात चालायचं कसं?"

विचारणाऱ्याचं काही चुकत नाही. बूट चालण्यासाठी असतो, ही समजूत आपण रांगायचं सोडल्यापासून बाळगलेली. स्कीच्या बुटाला ती लागू पडत नाही. इतके हिवाळे हे बूट उलटेपालटे करून माझं मत असं झालंय, की नेहमीच्या स्की-बुटाचा सोल चालण्यासाठी नसतोच आणि खरं सांगायचं तर स्कीइंगसाठीही नंतर असतो. आधी तो पडण्यासाठी असतो. माणूस पडेल त्या क्षणी बूट बाइंडिंगमधून ठरल्या जोराला, ठरल्या दिशेने सुटावा, याच हिशेबाने त्याची जाडी, रुंदी, गुळगुळीतपणा ठरवलेला आहे. गिऱ्हाईक बुटाला पार्किंगच्या वाटेवर जोखतं. बूट करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मात्र ते पडणं असतं. आमचं काउंटर या दोघांच्या मधोमध.

मागे एकदा डोंबिवलीचं एक कुटुंब आलं होतं. मुलगा व्हँकूवरला नोकरीला, आई-वडील त्याच्याकडे हिवाळा बघायला आलेले. माझ्या बिल्ल्यावरचं आडनाव वाचून काकूंचा चेहरा उजळला आणि तिथून पुढे इंग्रजीचा प्रश्नच उरला नाही. काकांना स्की करायचीच होती. "एवढ्या लांब येऊन नुसते फोटोच काढायचे का?" हा त्यांचा बिनतोड मुद्दा. बूट चढवून ते उठले आणि तसेच मागे बाकावर बसले.

"अरे, हा मला पुढे वाकवून ठेवतोय. आणि पाऊल मुडपतच नाही."

"मुडपायचं नाही, काका. वरची दोन बकलं आत्ता सोडून ठेवा. टाच आधी टेकवा, मग चवडा."

"परेडसारखं?"

"सावकाश परेडसारखं."

काकूंचा प्रश्न जास्त व्यवहारी होता. "आणि वर गेल्यावर बाथरूम कुठे?"

"लॉजमध्ये, काकू. जिना उतरून खाली."

स्कीच्या लॉजमध्ये स्वच्छतागृहं इतक्यांदा जिन्याखालीच का सापडतात, हे कोडं मला आजवर सुटलेलं नाही. काकांना मी दुकानाच्या मागच्या तीन पायऱ्यांवर सराव करायला लावला: एक हात कठड्यावर, टाच पायरीवर घट्ट, चवडा खुशाल पायरीच्या बाहेर. चवड्यावर भार देऊन उतरायला गेलात, की ताठ सोल पायरीच्या कडेवर डुगडुगतो आणि माणूस पुढे जातो. मग सोलवर चढवायच्या रबरी खोळी दिल्या आणि बजावलं, की स्कीवर चढण्याआधी त्या काढून खिशात टाकायच्या.

काकांना हे सगळं पटायला जड गेलं, याचं मला नवल वाटलं नाही. मी स्वतः सह्याद्रीत चालून वाढलेला. आमच्याकडे बूट घ्यायचा म्हटलं, की एकच चौकशी: ग्रिप कशीय? शेवाळलेला कातळ, उन्हाळ्यातला घसारा, हरिश्चंद्रगडाची नळीची वाट, यांवर पाय धरून ठेवील तो बूट. ॲक्शनचे ट्रेकिंग शूज ट्रेकर मंडळींच्या पायात इतकी वर्षं टिकले ते याच जोरावर. दिसायला यथातथाच, पण कातळावर भरवशाचे. त्या नजरेने स्की-बुटाचा सोल बघितला, तर हा कुणी नापास करून ठेवलेला माल वाटतो. टणक, सपाट, नक्षी नावापुरती. ओल्या फरशीवर त्याला धरायला काहीच नाही.

तो निसरडेपणा मुद्दाम ठेवलेला आहे. बुटाचं नाक स्कीवरच्या टो-पीसमध्ये अडकतं आणि नाकाच्या खाली स्कीवर एक लहानशी पट्टी असते. कधी टेफ्लॉनची, कधी सरकत्या प्लेटची. घर्षण मारण्यासाठी ती असते. आम्ही तिला एएफडी म्हणतो. पडताना स्की एकीकडे वळते, अंग दुसरीकडे, आणि पीळ बसतो तो नडगीच्या हाडाला. त्या वेळी बुटाचं नाक टो-पीसची स्प्रिंग दाबत एएफडीवरून आडवं सरकलं पाहिजे. धक्का लहान असेल तर स्प्रिंग त्याला जागेवर आणते, मोठा असेल तर सोडून देते. आता इथे खाचाखाचांचा मऊ रबरी सोल असता, तर तो सरकण्याऐवजी पट्टीला चिकटून बसला असता. स्प्रिंगवर आकडा कितीही नेमका लावा, रबराने धरून ठेवलेला पाय स्प्रिंगला सोडता येत नाही. कातळावर जी ग्रिप जीव वाचवते, तीच इथे हाड मोडते.

म्हणून आयएसओ 5355 नावाचं एक मानक आहे आणि त्यात मोठ्यांच्या बुटाच्या सोलची मापं ठरवून दिलेली आहेत. नाकाची जाडी 19 मिलिमीटर, टाचेची 30, इकडेतिकडे एखादा मिलिमीटर. या मापांमुळेच कुठल्याही कंपनीचा असा बूट कुठल्याही कंपनीच्या साध्या अल्पाइन बाइंडिंगमध्ये बसतो आणि सुटतो. ताठपणालाही कारण आहे. सोल चवड्यापाशी मुडपू लागला, तर टो-पीस आणि हील-पीस यांच्यामधलं अंतर दर वळणाला बदलेल आणि नको त्या वेळी टाच निसटेल. शिवाय गुडघा आत कलवला की स्कीची कडा त्याच क्षणी बर्फात रुतली पाहिजे. मधे काही दबणारं असेल तर तो हुकूम अर्धवट पोचतो.

हे सगळं एकदम सुचलेलं नाही. जुने स्की-बूट चामड्याचे होते आणि त्यांत खुशाल चालता यायचं. 1935 मध्ये इटालियन आल्प्समध्ये एका मोहिमेत सहा गिर्यारोहक दगावले. त्यातून वाचलेल्या विताले ब्रामानीने 1937 मध्ये खोल खाचांचा रबरी सोल बाजारात आणला. त्याच्या नावाच्या तुकड्यांतून झालेलं 'व्हिब्राम' हे नाव आज ट्रेकिंगच्या बुटांखाली पिवळ्या अष्टकोनात दिसतं. त्याच सुमाराला स्कीवर पाय बांधायची फॅशन होती ती तारेच्या केबलची. स्विस ग्विडो रूगेच्या त्या बाइंडिंगचं नाव 'कंदाहार'. आल्प्समधल्या बाइंडिंगला अफगाण शहराचं नाव कसं, तर त्या नावाच्या स्की-शर्यतीवरून, आणि शर्यतीला ते मिळालं 'लॉर्ड रॉबर्ट्स ऑफ कंदाहार' यांच्यावरून. म्हणजे आपल्या कानपुरात जन्मलेला ब्रिटिश फौजेचा सेनापती! असो. त्या केबलला सुटणं माहीत नव्हतं. पोर्टलंडला स्थायिक झालेल्या याल्मार व्हाम या नॉर्वेजियन स्कीपटूचा पाय 1937 मध्ये मोडला. पडल्यावर सुटणाऱ्या टो-पीसची कल्पना त्याला दवाखान्यातच सुचली आणि 1939 मध्ये त्याने तिचं पेटंट घेतलं.

पण चामडं भिजायचं, फुगायचं, वाकडं व्हायचं. एका बुटाचा सोल दुसऱ्यासारखा नसायचा. सुटणारं बाइंडिंग केलं तरी ते धरणार कशाला? काही कारागिरांनी तर चामड्याच्या बुटाला लोखंडी पट्ट्याच ठोकल्या आणि बाइंडिंगने पट्टी धरायची, असा तोडगा काढला. 1960 च्या दशकात अमेरिकेत आयोवातल्या बॉब लँगने प्लास्टिकचे बूट आणले, पुढच्या काही वर्षांत चामडं हटलं आणि सोल एकसारखा साच्यातून काढता येऊ लागला. चालणं त्याच दिवशी संपलं म्हणायला हरकत नाही. डॉक्टरांकडे येणाऱ्या दुखापतीही बदलल्या. मऊ बुटात घोटा मोडायचा, उंच ताठ बुटात नडगी मोडू लागली, बाइंडिंग आणि सोल यांचं गणित जमल्यावर नडगीचे फ्रॅक्चर खूप कमी झाले. गुडघ्याच्या आतल्या लिगामेंटचं दुखणं मात्र अजून आहे तसंच. बाइंडिंग नडगीसाठी घडवलेलं आहे, गुडघ्यासाठी नाही.

चालणं परत आणलं ते डोंगर चढून स्की करणाऱ्यांनी. त्यांना लिफ्ट नाही, उलट वाटेत खडक, बर्फाचा कडा, क्रॅम्पॉन. त्यांना व्हिब्रामसारखा सोल हवाच. ऑस्ट्रियाचा फ्रिट्झ बार्थेल माँ ब्लाँवर गेला. त्या वेळच्या जड सामानाला वैतागून त्याने 1980 च्या दशकात पिनांचं बाइंडिंग केलं. बुटाच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना धातूच्या खोबणी, त्यांत बाइंडिंगच्या दोन पिना, टाचेलाही तसंच. या कल्पनेची खरी हुशारी हलकेपणात आहे असं सगळे म्हणतात. मला ती वेगळ्याच ठिकाणी दिसते. त्याने धरण्याची जागा सोलवरून काढून बुटाच्या पोटात नेली. सोलला नाकापाशी स्कीवर सरकायचं कामच उरलं नाही, म्हणून तो पुन्हा पायाचा झाला.

गोंधळ सुरू होतो तो या दोन घराण्यांचे बूट एकाच दुकानात आल्यावर. एकदा एक स्थानिक तरुण जुन्या बाजारातून घेतलेले टूरिंगचे, म्हणजे डोंगर चढायचे, बूट घेऊन आला. वरून बघाल तर इतर स्की-बुटांसारखेच. उलटे केले की खाली जाड रबर, खोल खाचा, नाकाकडे वर उचललेला बाक. त्याच्या स्कीवरचं बाइंडिंग जुनं, साधं अल्पाइन. त्याला फक्त स्प्रिंगचा आकडा लावून हवा होता.

"यात हे बूट चालणार नाहीत," मी म्हणालो.

त्याने वाद घातला नाही. स्की जमिनीवर ठेवली, नाक घुसवलं, टाच जोर देऊन दाबली. खट्ट. "बसलं की!"

बसणं आणि सुटणं यांतला फरक तोंडाने समजावून उपयोग नसतो. आमच्याकडे बाइंडिंग किती जोराला सुटतं हे मोजायचं यंत्र आहे. पाय स्थिर धरल्यासारखं करून ते बुटाला पीळ देतं आणि सुटण्याच्या क्षणीचा आकडा दाखवतं. आधी त्याच लांबीचा आमचा भाड्याचा अल्पाइन बूट त्याच बाइंडिंगमध्ये लावला. आकडा मर्यादेत आला, नाक सरकलं, सुटलं. मग त्याचा बूट लावला. स्प्रिंग तीच, स्क्रूला हात लावलेला नाही. काटा मर्यादेला पोचला, ओलांडून गेला, बूट हलेना. वाकून बघितलं तर एएफडीवर रबर दाबलं जाऊन कडेने फुगलं होतं आणि बाकामुळे सोलचा भार भलत्याच ठिकाणी आला होता. आमच्या वर्कशॉपचा मिस्त्री क्युबेकचा आहे, बोलायला महाग. तो यंत्राकडे बघत एवढंच म्हणाला, "पाय तुझा."

तरुण रागावूनच गेला. काही दिवसांनी परत आला आणि 'एमएनसी' लिहिलेलं बाइंडिंग घेऊन गेला, ज्यात टो-पीसची उंची सोलप्रमाणे खालीवर करता येते. ते लावताना मी त्याला शेजारी उभं केलं. नाक आणि एएफडी यांच्यामध्ये कागदाची पट्टी सरकवायची आणि उंचीचा स्क्रू थोडाथोडा फिरवत जायचं. पट्टी सहज निघते, तोवर फट जास्त. निघायचीच बंद झाली तर बूट दाबला गेला. मधे एक जागा येते, जिथे पट्टी किंचित अडत, पण न फाटता बाहेर येते. ती जागा हाताला कळते. मग पुन्हा यंत्र. या कामाला घाई चालत नाही, आणि सकाळी नऊला रांग दारापर्यंत गेलेली असते.

या भानगडीतून सुटका म्हणून ग्रिपवॉक आलं. मार्कर कंपनीने काढलेला हा सोल आता जवळपास सगळेच बूटवाले लावतात आणि 2020 मध्ये त्यालाही आयएसओ 23223 हे स्वतंत्र मानक मिळालं. मधे सॉलोमन-ॲटॉमिकवाल्यांनी 'वॉक टू राइड' नावाचा आपला वेगळा सोल चालवून बघितला. तो मागे पडला, पण त्याचे सुटे तुकडे आमच्या खणात अजून आहेत आणि मिस्त्री ते टाकू देत नाही. ग्रिपवॉक बूट उलटा करा: टाचेला आणि नाकाला रबर, नाकाकडे हलका बाक, त्यामुळे पाऊल पुढे लोळतं. पण नाकाखाली, बरोबर एएफडी येईल तिथे, रबराच्या मधोमध कडक गुळगुळीत प्लास्टिकचा एक तुकडा बसवलेला. बाकी सगळा सोल चालण्यासाठी, तो एवढासा तुकडा पडण्यासाठी. मला ही तडजोड मनापासून आवडते. चालताना त्यावर भार येत नाही आणि सरकताना रबर मधे येत नाही.

अट एवढीच, की बाइंडिंगवर 'ग्रिपवॉक' किंवा तत्सम खूण हवी. साधा सोल ग्रिपवॉकच्या बाइंडिंगमध्ये चालतो. ग्रिपवॉकचा सोल जुन्या साध्या बाइंडिंगमध्ये चालत नाही. हे वाक्य मी दिवसभर म्हणतो आणि दर वेळी ऐकणाऱ्याचा चेहरा तोच होतो. वर कुणीतरी विचारतंच, की मग यात डोंगर चढता येईल का? नाही. ग्रिपवॉक म्हणजे टूरिंग नव्हे. ते पार्किंगपुरतं आहे. पुष्कळ बुटांचे सोल स्क्रूने लावलेले असतात, तेव्हा ज्याचं बाइंडिंग जुनं आहे त्याला आम्ही साधे सोल बसवून देतो. स्क्रूचा पेच त्या प्लास्टिकमध्ये एकदा खराब झाला की मग दिवस वाया.

मिस्त्रीला ग्रिपवॉक आवडत नाही. तो शर्यतवाल्यांचे बूट करतो आणि त्या जगात रबराला जागाच नाही. सोल शेलचा, म्हणजे बाहेरच्या कडक कवचाचाच भाग, घट्ट. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या नियमाने पायाच्या तळव्यापासून बुटाच्या तळापर्यंत 43 मिलिमीटरहून जास्त उंची चालत नाही. कुणाचे गुडघे आत झुकतात, कुणाचे बाहेर. त्याप्रमाणे मिस्त्री सोल एका बाजूने अंशभर तासतो, खाली प्लेट लावतो आणि मग नाकाचा वरचा भाग मिलिंग यंत्राखाली धरून परत 19 मिलिमीटरवर आणतो. दुकानभर जळक्या प्लास्टिकचा वास, टेबलावर पांढरा भुगा. त्याचं म्हणणं असं, की रबराचा मऊपणा त्याला वळणात पायाखाली कळतो. मला कळत नाही. आमच्या उतारांवर रविवारी उतरणाऱ्या गर्दीतही तो फार जणांना कळत असेल, असं मला वाटत नाही. फरसबंदीवरची घसरण मात्र सगळ्यांना कळते.

संध्याकाळी भाड्याचे बूट परत येतात, तेव्हा त्यांचा दिवस सोलवर वाचता येतो. खाचांत खडी, नाकाची कडा घासून गोल. साधा अल्पाइन सोल डांबरावर चालून झिजला, की जाडीचा तो मिलिमीटर संपतो आणि बूट बाद होतो. रबर तर आणखी लवकर झिजतं. खडीपेक्षाही मला बुटाखाली दबून बसलेल्या बर्फाची धास्ती. बुटाखाली घट्ट बर्फ ठेवून कुणी बाइंडिंगमध्ये उभं राहिलं, की नाक वर उचललं जातं, टो-पीसमध्ये आवळलं जातं आणि एएफडी असून नसल्यासारखी. म्हणून काठीने किंवा बाइंडिंगच्याच कडेवर सोल घासून मगच पाय घालायचा, हे पोरांनाही शिकवतात. मोठी माणसं विसरतात. काका विसरले नाहीत, उलट प्रत्येक वेळी इतकं घासलं की मुलगा वैतागला, असं काकूंनी बूट परत करताना सांगितलं.

वसंतात जुने भाड्याचे बूट आम्ही स्वस्तात विकायला काढतो. घेणारा लायनर दाबून बघतो, बकलं लावून बघतो, बाकावर बसून उठून दोन पावलं चालतो. मी बूट उलटा करून नाकाची कडा दाखवतो, नंतर टाचेजवळ शेलवर कोरलेला आकडा. समजा 305. ही सोलची मिलिमीटरमधली लांबी, आणि याच लांबीवर बाइंडिंग बसवलेलं असतं. लांब सोल म्हणजे लांब तरफ, त्यामुळे वजन, उंची, वय तेच असलं तरी लांबी बदलली की स्प्रिंगचा आकडाही बदलू शकतो. "पण माझी साइज तर तीच आहे, 26.5," असं हमखास ऐकू येतं. साइज तीच असते. दुसऱ्या कंपनीच्या त्याच साइजचा सोल 312 निघतो. मग मी तो आकडा चिठ्ठीवर लिहून देतो आणि घरून स्की घेऊन या म्हणतो, बाइंडिंग पुन्हा लावून यंत्रावर तपासून देतो. चिठ्ठी घेऊन येणारे बरेच असतात. काही जण स्की गाडीतच ठेवून आलेले असतात, त्यांचं काम उभ्या उभ्या होतं.